थ्री नॉट थ्रीची नवी नळी

थ्री नॉट थ्री म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो गणपतीच्या बंदोबस्ताला मंडपाच्या कडेला खुर्ची टाकून बसलेला हवालदार, आणि त्याच्या गुडघ्यांमध्ये उभी धरलेली ती लांबलचक लाकडी बंदूक. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर एके-४७ च्या समोर पोलिसांच्या हातात हीच होती. त्यानंतर तिच्या वाट्याला आली ती फक्त चेष्टा, नाहीतर कीव. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिला रीतसर निरोपसुद्धा देऊन टाकला.

त्यामुळे इथे अमेरिकेत लोक ही रायफल जिवापाड जपतात, तिचे सुटे भाग गोळा करतात, हे कळल्यावर मी उडालोच. माझ्या टीममधला एक सीनिअर आहे. पन्नाशीतला गोरा माणूस, मी त्याला मनातल्या मनात काका म्हणतो. तर ह्या काकांकडे एक ली-एनफील्ड आहे, नंबर १ मार्क ३ स्टार. दस्त्याच्या अलीकडे, पोलादावर मुकुट, त्याखाली जी.आर.आय., त्याखाली इशापूर आणि १९४३. म्हणजे कोलकात्याजवळच्या इशापूरच्या सरकारी कारखान्यातली, दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य जी सर्रास वापरत होतं ती. काकांनी हे मला मोठ्या कौतुकाने दाखवलं, जणू काही मी तिचा मामेभाऊ!

अडचण अशी होती की रायफल दिसायला सुंदर पण नेम शून्य. कागदी टार्गेटवर भोकं गोल पडतच नव्हती, लांबट पडत होती. म्हणजे गोळी टोकाने न जाता आडवी होऊन कागदातून जात होती. नळीच्या आत जे पिळदार आटे असतात ते गोळीला गरगर फिरवतात आणि फिरती गोळीच सरळ जाते. ह्या नळीतले आटे झिजून आणि गंजून जवळजवळ सपाट झाले होते.

नळी झिजणं ह्या रायफलीला नवीन नाही. तिची आई म्हणजे १८८८ सालची ली-मेटफर्ड. तिच्या नळीतले आटे उथळ आणि गोलसर होते, कारण ती काळ्या बारुदीच्या काळातली. मग कॉर्डाइट आलं, त्याची आग भयंकर गरम, आणि हे उथळ आटे भराभर उडायला लागले. म्हणून १८९५ साली खोल आणि चौकोनी कडांचे पाच आटे आले. हे एनफील्डच्या कारखान्याचं काम, म्हणून नाव ली-एनफील्ड. आपण नावातल्या जोडशब्दाकडे कधी लक्ष देत नाही, पण त्यातला अर्धा भाग नळीच्या झिजेवरचा उपाय आहे.

दुसरा शत्रू म्हणजे मीठ. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनातून नळीत एक क्षार उरतो. तो हवेतलं पाणी ओढतो आणि आतून गंज चढवतो. तेलाने तो जात नाही, पाण्यातच विरघळतो. म्हणून त्या काळचे सैनिक नळीत चक्क उकळतं पाणी ओतायचे आणि मग तेल लावायचे. काकांच्या रायफलीला हे उकळतं पाणी कोणीतरी बऱ्याच वेळा दाखवलेलं नसणार.

तर नवी नळी मागवायची ठरलं. इथे एक गंमत आहे. एच-वन बी व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेत बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला बंदी आहे. शिकारीचा परवाना वगैरे अपवाद आहेत, पण मी काही शिकारी नाही. त्यामुळे मी रायफलीला बोट लावायचं नाही, असं काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं. पण इथल्या कायद्याने बंदूक म्हणजे रिसीव्हर, म्हणजे तो पोलादी सांगाडा ज्याच्यात बोल्ट मागेपुढे सरकतो आणि ज्याच्या तोंडात नळी आट्यांनी बसते. नुसती नळी म्हणजे कायद्याच्या दृष्टीने एक पाइप. ती कुरिअरने घरी येते! ती मी मजेत हातात घेऊन बसलो होतो. आपल्याकडच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटे भागसुद्धा शस्त्रातच मोडतात, म्हणजे तीच नळी मुंबईत माझ्या हातात असती तर माझी वरात निघाली असती. ब्रिटनमध्ये तर नळी बदलली की रायफल पुन्हा प्रूफ हाउसमध्ये नेऊन जादा दाबाच्या बाराने तपासून घ्यावी लागते. तीन देश, एकच नळी, आणि "बंदूक नेमकी कशाला म्हणायचं" ह्यावर एकमत नाही.

आता प्रत्यक्ष काम. ह्या रायफलीत मागचा दस्ता आधी काढायचा मोह होतो, पण तो काढायचा नाही. दस्त्याच्या आतल्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडात अडकलेलं असतं. आधी दस्ता फिरवायला गेलात की पुढचं लाकूड फाटतं, आणि मूळ लाकूड मिळणं नळी मिळण्याहून कठीण. आधी पुढचं लाकूड, मग बाकीचं.

जुनी नळी निघायला दोन विकांत गेले. तेल सोडायचं, थांबायचं, परत सोडायचं. नळी लाकडी ठोकळ्यांमध्ये शिकंज्यात आवळलेली, रिसीव्हरवर त्याच्याच आकाराचा मोठा पाना. पाना नीट बसला नाही तर नळी सुटण्याऐवजी रिसीव्हरच पिळवटतो, आणि तो पिळवटला की रायफल संपली. माझं काम टॉर्च धरण्याचं. शेवटी खाडकन आवाज झाला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो.. सुटली की तुटली? सुटली होती.

नवी नळी म्हणजे जुन्या सैनिकी साठ्यातली, न वापरलेली. माझी अपेक्षा बल्बसारखी, की फिरवली आणि बसली. तसं नसतं. ह्या रायफलीत पुढची माशी आणि मागची साईट दोन्ही नळीवरच असतात, त्यामुळे नळी घट्ट बसेल तेव्हा त्या बरोबर डोक्यावर आल्या पाहिजेत. नियम असा की हाताने फिरवून नळी जिथे थांबते तिथून डोक्यावर यायला साधारण पंधरा अंश उरले पाहिजेत. ते शेवटचे पंधरा अंश पान्याने आवळायचे. कमी उरले तर नळी सैल, जास्त उरले तर अतिताण.

आमची थांबली तीस अंश आधी. इंचाला चौदा आटे, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात नळी १.८१ मिलिमीटर सरकते, म्हणजे एक अंश म्हणजे पाच मायक्रॉन! पंधरा अंश कमी करायचे तर नळीच्या खांद्यावरून ०.०७५ मिलिमीटर काढायला हवं, जेमतेम एका केसाच्या जाडीइतकं. काकांनी ते लेथवर तीन हप्त्यांत काढलं. प्रत्येक वेळी पुसायचं, बसवायचं, मोजायचं, काढायचं. मी म्हटलं, हिशोब तर झालाय, एकदाच का नाही काढत? काका म्हणाले, "काढलेलं परत लावता येत नाही." आमच्या कामात सगळं परत लावता येतं, म्हणून मला हे वाक्य जरा जास्तच लागलं असावं.

आणि इथेच खरी भीतीची गोष्ट येते, हेडस्पेस. ह्या काडतुसाच्या बुडाला कड असते. ती कड नळीच्या तोंडाला टेकते आणि मागून बोल्ट तिला धरून ठेवतो. कडेसाठी किती जागा हवी? सैनिकी हिशोबात किमान ०.०६४ इंच, कमाल ०.०७४ इंच. सगळी सूट पाव मिलिमीटरची. जागा कमी पडली तर बोल्ट बंद होत नाही. जास्त झाली तर पितळी काडतूस मागे ताणलं जातं, कडेच्या पुढे फाटू शकतं, आणि गरम वायू मागे येतो, जिथे तुमचा गाल टेकलेला असतो. आम्ही खांदा कापल्यामुळे नळी केसभर मागे आली होती, म्हणजे ही जागाही तेवढीच कमी झाली होती. एक मोजमाप सुधारलं की दुसरं हलतं.

तपासायला दोन पोलादी गेज असतात. लहानावर बोल्ट बंद झाला पाहिजे, मोठ्यावर होता कामा नये. काकांनी बोल्ट फक्त दोन बोटांनी फिरवला, कारण जोर लावला तर गेज काहीही सांगतं. लहानावर अलगद बंद झाला. मोठ्यावर अर्ध्यातच थांबला. काका उठून कॉफी करायला गेले, परत येऊन पुन्हा दोन्ही गेज लावली. तेच उत्तर.

पहिले तीन बार रायफल जुन्या टायरला बांधून, चापाला लांब दोरी लावून, आडोशामागून. रिकामी काडतुसं काकांनी भिंगाखाली फिरवून पाहिली, एकावरही चमकती रेघ नाही. मग खांद्याला लावून दहा. शंभर यार्डांवर सगळी भोकं गोल, आणि माझ्या तळहाताखाली झाकली जातील एवढ्यात.

पण संग्राहकांच्या हिशोबात रायफलीची किंमत उतरली. जुन्या नळीवर, रिसीव्हरवर, बोल्टवर एकच नंबर होता. आता नळी परकी. काकांचा एक मित्र म्हणाला, नंबराचे ठसे बाजारात मिळतात, ठोकून टाक, कोणाला कळणार? मला हे लबाडीचं वाटलं आणि मी तसं म्हटलंही. इशापूरचा कारखाना स्वतः दुरुस्तीला आलेल्या रायफलींच्या नळ्या बदलायचाच, पण तो तसा शिक्का मारायचा. सैन्याच्या लेखी नळी म्हणजे टायर, झिजला की बदला. नंबर जपायचं खूळ नंतरचं, बंदूक कपाटात गेल्यावरचं.

काकांनी ठसे मागवले, पण वेगळे. नव्या नळीवर, लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर त्यांनी फक्त महिना आणि चालू वर्ष ठोकलं. जुनी नळी तेलाच्या कापडात गुंडाळून, वर रायफलीचा नंबर लिहून माळ्यावर गेली. रायफल कधी विकली तर ती सोबत द्यायची, असं चिठ्ठीवर लिहून ठेवलंय.