इंदिरानगरचा झोपाळा

बंगळूरला गेलं की माझा मुक्काम ठरलेला, इंदिरानगरात मावशीकडे. मेट्रोतून उतरावं, सीएमएच रोडवर फिल्टर कॉफी घ्यावी आणि पायी निघावं. हंड्रेड फीट रोडवर दुकानांचा झगमगाट. पण आतल्या गल्लीत वळलं, की झाडांच्या सावलीतले जुने बंगले अजून तग धरून आहेत.

इंदिरा गांधींच्या नावाची ही वसाहत. त्यांच्याच काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. मावशीनंही ‘हम दो, हमारे दो’ मनापासून पाळलं. आज दोन्ही मुलं परदेशी. अंगणातला झोपाळा हलतो तो वाऱ्यानंच.

आता काळाची गंमत पाहा! २०२४ मध्ये शेजारच्या आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी जास्त मुलं होऊ द्या, असं आवाहन केलं. दोनपेक्षा अधिक अपत्यं असणाऱ्यांना स्थानिक निवडणुकांत असलेली बंदीही तिथं उठली. लोकसंख्या टिकायला बाईमागे सरासरी २.१ मुलं लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकात, आणि आपल्या महाराष्ट्रातही, हा आकडा १.७ भरला. उद्या म्हाताऱ्यांकडे कोण पाहणार, कमावते हात कुठून येणार, ही चिंता खरीच आहे. शिवाय लोकसंख्येनुसार लोकसभेच्या जागा नव्यानं वाटल्या, तर कुटुंब आटोपशीर ठेवल्याची शिक्षाच मिळेल, अशी दक्षिणेला धास्ती.

पण नुसत्या आवाहनानं पाळणा हलतो का? सिंगापूरनं १९७२ पासून ‘दोनच पुरे’ म्हटलं. १९८७ मध्ये ‘परवडत असेल तर तीन किंवा अधिक’. पुढे रोख रकमाही दिल्या. तरी २०२३ मध्ये तिथला दर एकाच्याही खाली गेला.

मावशीच्या शेजारची सून सोलापूरची, नोकरी करणारी. मावशीनं सहज विचारलं, “काय गं, दुसरं कधी?”

“मावशी, आधी पहिलीला कुठं ठेवू ते सांगा!”

२०१७ च्या कायद्यानं पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली, तिसऱ्याला बाराच. पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या कचेरीत पाळणाघर सक्तीचं केलं. पण लहान कचेरीतल्या बाईनं काय करावं?

त्या दिवसापासून शाळा सुटली, की ती चिमुरडी मावशीकडे येते. झोपाळ्याला पुन्हा तेल घातलंय. सरकारनं मुलं जरूर मागावीत. पण आधी गल्लोगल्ली पाळणाघराचं दार उघडावं.