दुखावलेला पाय

बास्केटबॉलचा संघ निवडतांना आमच्यांत एक वाक्य हमखास ऐकूं येतें : "तो नको, त्याचा पाय सारखा मुरगळतो!" हें बोलणें अगदींच निराधार नव्हे. एकदां मुरगळलेला घोटा पुन्हां मुरगळण्याचा संभव अधिक असतो. अमेरिकेंतील पोर्टलंडच्या संघानें १९८४ सालीं मायकेल जॉर्डनच्या आधीं सॅम बोवी यास निवडलें. पायाच्या हाडाच्या दुखापतीमुळें बोवी कॉलेजांत दोन मोसम खेळूं शकला नव्हता. पोर्टलंडला आल्यावरही त्याचे पाय मोडलेच.

परंतु स्टीफन करी याचें काय? २०११-१२ च्या मोसमांत घोट्याच्या दुखण्यामुळें तो अवघे २६ सामने खेळला. शस्त्रक्रियाही झाली. तथापि गोल्डन स्टेट संघानें २०१२ सालीं त्याच्याशीं आणखी चार वर्षांचा करार केला. करीनें कमरेचे स्नायू बळकट करून घोट्यांवरील भार हलका केला. पुढच्याच मोसमांत तो ७८ सामने खेळला, आणि २०१५ मध्यें त्याच्या संघानें अजिंक्यपद मिळविलें. नुसते चुकलेले सामने मोजले असते, तर दोघांवरही एकच शिक्का बसला असता.

आमच्या एका सोबत्याचा पाय गेल्या पावसाळ्यांत निसरड्या मैदानावर मुरगळला. मैदानाचा दोष पायाच्या माथीं कां मारावा? तीन आठवडे तो एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव नेमानें करीत आहे. येत्या शनिवारीं संघ निवडण्यापूर्वीं आम्ही त्यास दहा मिनिटें धांवावयास व उड्या मारावयास लावणार आहोंत.