यकृताला लेबल वाचता येत नाही

वैनगंगेच्या अलीकडे, सावली तालुक्यात मी पंचवीसहून अधिक वर्षे दवाखाना चालवीत आहे. इतक्या वर्षांत एक प्रश्न मला सतत ऐकू येतो : “डॉक्टरसाहेब, त्यातल्या त्यात कोणती बरी?” शेतकरी तो मोहाच्या दारूविषयी विचारतो, मजूर देशीविषयी, आणि अलीकडे शिक्षक, अभियंते, कंत्राटदार तो जिनविषयी विचारू लागले आहेत. जिन पांढरीशुभ्र असते, वनस्पतींपासून बनते, तेव्हा ती प्रकृतीला सौम्य असावी, असा त्यांचा समज असतो.

पिणारा मनुष्य बाटलीची पारख तीन कसोट्यांवर करतो : चव, किंमत आणि उपलब्धता. आज आपण त्याच कसोट्या घेऊ आणि जिनला मोहाच्या व देशीच्या शेजारी बसवून पाहू.

आरंभ चवीपासून करू. जिन म्हणजे धान्यापासून किंवा उसाच्या मळीपासून काढलेले जवळजवळ निर्गंध मद्यार्क; त्याला जुनिपर नावाच्या झुडुपाच्या फळांचा आणि धणे, लिंबूवर्गीय साली यांचा गंध दिलेला असतो. जुनिपर आपल्याला परका नाही. आयुर्वेदात त्याला हपुषा म्हणतात, आणि गोव्यात बनणाऱ्या एका जिनला हेच नाव दिलेले आहे. 2017 पासून गोव्यात ‘ग्रेटर दॅन’, त्यामागोमाग ‘हपुसा’, ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ अशा जिन निघाल्या. माझ्या पुतण्याने गोव्याहून अशीच एक बाटली आणली होती. “काका, वास तरी घेऊन बघा, सगळ्या औषधी वनस्पती आहेत,” असे तो म्हणाला. वास खरोखरच प्रसन्न होता, हे मी मान्य केले. परंतु गंध देणारी तेले त्या बाटलीत अत्यल्प असतात. त्यांनी नाक सुखावते, औषधाची मात्रा भरत नाही.

मोहाची चव याच्या नेमकी उलट वाटेने येते. चैत्राच्या सुमारास पहाटे झाडाखाली पडलेली फुले वेचायची, वाळवायची, भिजवून आंबवायची आणि मग गाळायची. गोंड आणि माडिया समाजांत देवकार्यापासून मर्तिकापर्यंत या दारूला स्थान आहे, आणि त्याचा उपहास करण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र तिच्यावर लेबल नसते. पहिल्या धारेची किती कडक आणि शेवटची किती फिकी, हे गाळणाऱ्यालाही नेमके सांगता येत नाही. देशीची संत्र्याची चव तर बहुधा कृत्रिम अर्काचीच. रंगीत दारूपेक्षा जिनमध्ये उपघटक कमी असल्यामुळे सकाळची डोकेदुखी काहीशी कमी होईल, इतकेच चवीच्या कसोटीवर तिच्या बाजूने म्हणता येते.

जिनबरोबर टॉनिक येते आणि त्यामागोमाग एक जुना समजही येतो. त्या टॉनिकचा कडूपणा क्विनाइनचा. हिंदुस्थानातील इंग्रज हिवतापाच्या भयाने क्विनाइन घेत आणि ते गोड पाण्यात, जिनमध्ये मिसळत. महाराष्ट्रात हिवतापाचा सर्वाधिक भार वाहणाऱ्या गडचिरोलीच्या परिसरात ही कथा चटकन पटते. परंतु हिशेब पाहा. अमेरिकेच्या नियमानुसार एक लिटर टॉनिकमध्ये अधिकाधिक 83 मिलिग्रॅम क्विनाइन असू शकते. प्रौढ रुग्णाला उपचारासाठी सुमारे 600 मिलिग्रॅमची एक मात्रा लागत असे, तीही दिवसातून तीनदा. म्हणजे एका मात्रेसाठी सात लिटरहून अधिक टॉनिक! पदरी पडते ती साखर. शंभर मिलिलिटरमध्ये साधारण आठ-नऊ ग्रॅम. थंडी वाजून ताप आला, तर आशाताईंकडून त्वरित रक्त तपासून घ्यावे, हाच खरा उपाय.

दुसरी कसोटी किमतीची. जून 2025 मध्ये राज्य सरकारने उत्पादन शुल्क वाढविले, तेव्हा 180 मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत देशीसाठी 80 रुपये, भारतात बनलेल्या विदेशी मद्यासाठी 205 रुपये आणि उंची विदेशी मद्यासाठी 360 रुपये ठरली. गोव्याच्या नव्या जिनची मोठी बाटली तर हजारांत मोजावी लागते. किमतीत इतकी तफावत. आत काय आहे? देशीच्या आणि साध्या विदेशी मद्याच्या लेबलावर बहुधा 42.8 टक्के मद्यार्क लिहिलेला असतो. बहुतेक भारतीय जिन 40 ते 43 टक्क्यांच्या असतात. त्या 180 मिलिलिटरमध्ये, ज्याला आपल्याकडे पव्वा म्हणतात, सुमारे 60 ग्रॅम मद्यार्क असतो. 80 रुपयांच्या पव्व्यातही तेवढाच आणि उंची जिनच्या तितक्याच मापातही जवळपास तेवढाच. जास्तीचे पैसे कर, काच, जाहिरात आणि गंध यांचे असतात. यकृताला लेबल वाचता येत नाही. त्याला केवळ ग्रॅम कळतात.

हे ग्रॅम घरी मोजता येतात. 30 मिलिलिटरचा लहान पेग म्हणजे 10 ग्रॅम. आठ टक्क्यांची 650 मिलिलिटरची स्ट्राँग बिअर म्हणजे सुमारे 40 ग्रॅम, अर्थात चार लहान पेग. “मी फक्त बिअर घेतो,” असे म्हणणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. शरीर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम मद्यार्क जाळते. रात्री अकराला संपविलेला पव्वा सकाळी सहाला दुचाकीची किक मारतानाही पूर्ण उतरलेला नसू शकतो. लिंबूपाणी, चहा, थंड पाण्याची आंघोळ यांनी ही गती वाढत नाही. मद्यार्क कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1988 मध्येच नोंदविले आहे. आणि मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही, असे त्या संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे.

आता तिसरी कसोटी, उपलब्धतेची. आमच्या दोन जिल्ह्यांना ती जितकी ठाऊक आहे, तितकी क्वचितच कोणाला असेल. गावोगावच्या चळवळीनंतर गडचिरोलीत 1993 मध्ये दारूबंदी झाली, आणि ती आजही आहे. चंद्रपूरच्या स्त्रिया 2010 मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या. 1 एप्रिल 2015 रोजी येथेही बंदी आली आणि 2021 मध्ये ती उठली. आज व्याहाडजवळचा वैनगंगेचा पूल ओलांडला की कायदा बदलतो. बंदी असताना चोरटी दारू येते, हे खरे. नसताना दुकान घराजवळ येते, हेही खरे. हा वाद केवळ आपला नाही. अठराव्या शतकात लंडन शहर स्वस्त जिनने ग्रासले होते. 1736 चा अतिकठोर परवाना कायदा चोरट्या विक्रीपुढे फसला. 1751 च्या कायद्याने गल्लीबोळांतील विक्रीला आवर घातला आणि पुढे पिणे ओसरत गेले.

राजकीय निवाडा मी देणार नाही. वैद्यकीय निरीक्षण सांगतो. चवीने किंवा किमतीने कोणाचे यकृत वाचलेले मी पाहिले नाही. हात आणि बाटली यांच्यातील अंतराने वाचलेले मात्र पाहिले आहे. जिल्ह्याचे अंतर सरकार ठरविते, गावाचे ग्रामसभा ठरविते. पण घरातले अंतर आपणच ठरवितो. आज सुशिक्षित घरांत दिवाणखान्याच्या कपाटात सुंदर बाटल्या मांडण्याची रीत पडली आहे. सोळा वर्षांच्या मुलासाठी ते राज्यातले सर्वांत जवळचे आणि फुकट दुकान आहे, याचा विचार अवश्य व्हावा.

कुटुंबीयांनी पिणाऱ्याशी भांडण्याऐवजी चार प्रश्न शांतपणे विचारावेत. पिणे कमी करावे असे कधी वाटले का? कोणी टोकले की राग येतो का? पिण्याबद्दल अपराधी वाटते का? सकाळी उठल्याउठल्या घ्यावी लागते का? दोन उत्तरे ‘होय’ आली, तर डॉक्टरांना भेटावे.

तीन सावधगिरीच्या सूचना. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडू नये; मग ती शपथेने सुटो, बंदीने वा घरच्यांच्या धाकाने. पहिल्या दोन दिवसांत कंप आणि झटके, पुढे भ्रम होऊन प्राणावर बेतू शकते. ब जीवनसत्त्व आणि योग्य औषधे यांच्या आधारे ती सुखरूप सुटते. दुसरी : दारू प्यायल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी अंधुक दिसू लागले, पोटात कळा आल्या, धाप लागली, तर मिथेनॉलची शंका घेऊन तडक जिल्हा रुग्णालय गाठावे, उरलेली बाटली सोबत न्यावी. मुंबईच्या मालवणीत जून 2015 मध्ये याच विषाने शंभराहून अधिक बळी घेतले. तिसरी : घरात कोणाला सिकलसेल असेल, तर त्याने मद्यापासून दूरच राहावे, शरीरातील पाणी कमी झाले की वेदनेचा झटका ओढवतो.

“कोणती बरी?” असे मला कोणी विचारले, की मी त्यालाच विचारतो : “आठवड्यात किती ग्रॅम?” आपल्या घरातही आज रात्री जेवणानंतर हा हिशेब कागदावर मांडून पाहा. आकडा मोठा निघाला, तर तो कागद घेऊन जवळच्या दवाखान्यात जा. बोलणे तेथून सोपे होते.