परदेशी बेडूक

पहिला दमदार पाऊस झाला की आमच्या देवगाव रंगारीत दिव्याच्या खांबाखाली बेडूक जमतात. खरबरीत पाठीचे, मातकट, जागचे हलायचं नाव न घेणारे. लहानपणापासून पाहतोय. तरी एका पावसाळ्यात मोबाइलवर ऑस्ट्रेलियातल्या केन टोडचा व्हिडिओ पाहिला आणि आपल्या गल्लीत शिरलेत ते हेच, असा निकाल मी देऊन टाकला. डोळ्यांमागच्या विषाच्या गाठी जुळल्या, पाठीवरचे फोड जुळले. जन्मभर शाळेत शिकवलेल्या माणसाला एवढा पुरावा पुरला! त्यात शेजारच्या कुत्र्यानं एक बेडूक तोंडात धरला आणि त्याच्या तोंडाला फेस आला. गल्लीच्या ग्रुपवर मी लांबलचक मेसेज टाकला: विषारी परदेशी बेडूक आलेत, दिसला की मीठ टाका. तोंड धुतल्यावर कुत्रं थोड्याच वेळात हिंडायला लागलं होतं. ते मात्र लिहिलं नाही.

लोकांनी मीठ टाकलं. आपल्या शब्दाला अजून वजन आहे, याचं मला बरंच वाटलं. मी तर पुढची मजल मारली. एका बांधकामाच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं. काळे मणी ओवलेल्या दोऱ्यासारखी अंडी त्यात गवताला गुंडाळलेली होती. त्यावर ब्लिचिंग पावडर ओतली. मीठ पडलेला बेडूक लगेच मरत नाही. पुढचे पाय डोळ्यांवरून फिरवत राहतो. ते पाहूनही मी हातातला पुडा ठेवला नाही.

दिवाळीत गल्लीतला एक पोरगा घरी आला. संभाजीनगरला प्राणिशास्त्र शिकतो. मी मोठ्या ऐटीत फोटो दाखवले. "सर, हा आपलाच आहे. डोक्यावरच्या या काळ्या कडा बघा ना. केन टोड भारतात नाहीत."

ऑस्ट्रेलियाची गोष्टही मी अर्धीच ऐकली होती. उसाचे भुंगे आणि त्यांची हुमणी आटोक्यात येईल म्हणून 1935 साली क्वीन्सलँडच्या लोकांनीच हवाईहून 102 टोड आणले आणि त्यांची पैदास शेतात सोडली. भुंगे उसाच्या शेंड्यावर, हुमणी मातीत, टोड भुईवर. गाठ पडणार कशी? आमच्याकडच्या ऊसवाल्याला हुमणी माहीत आहे. त्यानं हा बेत ऐकताच हात जोडले असते. उलट आपला हा बेडूकच मादागास्करात उपरा ठरलाय. 2014 साली तिथल्या तोआमासिना बंदराच्या परिसरात तो आढळला. तिथल्या सापांना त्याच्या विषाची सवय नाही. इथला दिवड त्याला सहज पचवतो.

आणि ज्या रिकाम्या प्लॉटवर मी रात्री बॅटरी घेऊन बेडूक हुडकत होतो, तो गाजरगवतानं गच्च भरलेला. अमेरिका खंडातून आलेलं खरं उपरं ते गवत. त्याला मी नुसता पायानं बाजूला सारत होतो.

हे सगळं कळल्यावर ग्रुपवर लगेच लिहायला हवं होतं. "टाकतो," असं पोराला म्हणालोही. टाकलं ते पुढच्या पावसाळ्यात, दोन ओळींत, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या गर्दीत. एकानंही वाचल्याचं दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेच मला सोयीचं वाटलं.

आता अंगणात बेडूक दिसला तर डबा पालथा घालतो, खालून पुठ्ठा सरकवतो आणि कुंपणापलीकडे सोडतो. समोरच्या मावशी मात्र अजून ओट्यावर मिठाचा डबा ठेवतात. परवा समजावायला गेलो, तर म्हणाल्या, "अहो सर, तुम्हीच तर लिहिलं होतं."