निळ्या वानरांच्या बेटावर अर्धा दिवस

मुलांनो, ज्वालामुखीचे चित्र काढा म्हटले तर तुम्ही काय काढाल? एक उंच त्रिकोण, त्याच्या डोक्यावर भोक आणि भोकातून उडणारे लाल फवारे! मीही शाळेत असेच काढायचे. पण ग्रीस देशातल्या सँटोरिनी बेटावरचा ज्वालामुखी पाहिला आणि माझे चित्र चुकले. हा ज्वालामुखी उभा नाहीच मुळी. तो खचलेला आहे. मध्ये समुद्र भरलाय, भोवती सरळ तुटलेला कडा आहे आणि त्या कड्याच्या अगदी काठावर, कठड्यावर कबुतरं बसावीत तशी पांढरीशुभ्र गावं बसली आहेत.

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघी तिथे गेलो होतो. मी, माझी आई आणि सातवीतली माझी भाची. दुपारी तीनची बोट पकडून अथेन्सला परत जायचे होते, म्हणजे हातात होता फक्त अर्धा दिवस. आईचे गुडघे दुखतात. बसच्या रांगा आणि चढ तिला झेपणार नव्हते. म्हणून खिसा जरा हलका करून आम्ही एक छोटी खासगी गाडी ठरवली. गाडी चालवणाऱ्या बाईच आमच्या गाइड. चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, सतत हसणाऱ्या. आईला पाहताच म्हणाल्या, "काली मेरा, याया!" काली मेरा म्हणजे शुभ दिवस आणि याया म्हणजे आजी. आईला ते 'याया' इतके आवडले की पुढचे पाच तास तिने दुसऱ्या कशाला ओ दिली नाही.

गाडीत बसताच पहिला पेच पडला. बाईंनी नेहमीच्या फेरीचा कागद पुढे केला. ईआ गावातले निळे घुमट, लाल वाळूचा किनारा, उंचावरचे पिर्गोस गाव, द्राक्षांचे मळे. फोटोंसाठी सगळेजण हेच बघतात. भाची मात्र हट्टाला पेटली. "मला राखेत गाडलेलं गाव बघायचंय. आणि निळी माकडं!" पुस्तकात वाचून आली होती ना! आईला घुमट हवे होते. बाईंनी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "दोन्ही नीट होणार नाही. धावतपळत सगळं बघायचं, की थोडंच बघायचं?" शेवटी आईनेच माघार घेतली. "घुमट कॅलेंडरवर बघेन मी. पोरीला गाव दाखवा."

आधी आम्ही फिरा गावात कड्याच्या काठाशी थांबलो. फिरा हे बेटाचे मुख्य गाव. खाली पाणी इतके खोल, की मोठाली प्रवासी जहाजं खेळण्यातल्यासारखी दिसत होती. समोरच्या कड्यात काळे, तांबडे, पांढरे असे थरावर थर. भाची म्हणाली, "मावशी, हे तर माळशेज घाटासारखं!" खरंच होते तिचे. आपला सह्याद्रीही लाव्हारसाचाच. पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तिथला रस बहुतेक करून जमिनीच्या भेगांतून वाहत, पसरत गेला. इथे स्फोट झाला. सुमारे ३६०० वर्षांपूर्वी जमिनीखालचा रस आणि वायू प्रचंड जोराने बाहेर फेकले गेले. मग आतली पोकळी रिकामी झाली आणि वरची जमीन खाली बसली. टम्म फुगलेल्या पुरीला बोट लावले की वरचा पापुद्रा कसा बसतो, तसे! त्या खड्ड्यात समुद्र शिरला. सुमारे बारा किलोमीटर लांब आणि सात किलोमीटर रुंद असा हा खड्डा आहे. त्याच्या मधोमध काळ्या दगडांचे एक बेट दिसते, निआ कामेनी. नंतरच्या उद्रेकांतून ते पाण्याबाहेर आले. तिथला शेवटचा उद्रेक १९५० सालचा.

खालच्या जुन्या बंदरापासून फिरापर्यंत जवळजवळ सहाशे पायऱ्या आहेत. गाढवांवर बसून लोक वर येतात. आईने ती गाढवं पाहिली आणि तिचा चेहरा पडला. बाईंनी सांगितले, की १०० किलोंपेक्षा किंवा गाढवाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझे लादायचे नाही असा नियम २०१८ मध्ये झाला आहे. आई पुटपुटली, "मोजतं कोण पण?"

मग संग्रहालय. आणि मुलांनो, तिथल्या भिंतीवर होती ती निळी माकडं! खडकांवर चढणारी, मागे वळून बघणारी, उड्या मारणारी. रंग तर असा, की कुणी आत्ताच नीळ कालवून लावली असावी. आमची भाची दोन मिनिटं गप्प उभी राहिली आणि एकदम म्हणाली, "आजी, ही माकडं नाहीतच. हे वानर आहेत!"

आपल्याकडे माकड वेगळे आणि वानर वेगळे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. देवळाच्या कळसावरून धाडदिशी पत्र्यावर उडी मारणारा, लांबच लांब शेपटीचा, तो वानर. चालताना तो शेपटी उंच धरतो, छान कमान करून. चित्रातल्या प्राण्यांच्या शेपट्या तशाच उंच आणि वळणदार होत्या. भाचीचे बोलणे मी बाईंना इंग्रजीत सांगितले. त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. म्हणाल्या, "हे लोकांच्या लक्षात यायला फार दिवस लागले!" २०२० मध्ये काही संशोधकांनी, त्यांत माकडांचा अभ्यास करणारे तज्ज्ञही होते, अगदी हेच मांडले. हे भारतीय उपखंडातले वानर असावेत, आणि ओळख कशावरून? शेपटीवरून! रंग निळा का, तर त्या काळचे तिथले चित्रकार करड्या रंगाच्या जागी निळा वापरायचे.

आता गंमत पाहा. ग्रीसमध्ये माकडं नव्हती. शेजारच्या इजिप्तमध्ये वानर नव्हते. मग या चित्रकाराला वानराची शेपटी कुणी दाखवली? सिंधू संस्कृतीतल्या लोकांचा मेसोपोटेमियाशी व्यापार होता आणि तिथून पुढे पश्चिमेकडे माल जात असे. त्या वाटेने एखादा वानर, किंवा निदान त्याचे चित्र, हातोहात इथवर पोचले असावे असे त्या संशोधकांना वाटते. सगळ्याच तज्ज्ञांना हे पटलेले नाही बरं का! काहीजण म्हणतात, ही आफ्रिकेतली माकडं. वाद चालू आहे. भाचीच्या मते वाद मिटलेला आहे.

त्याच संग्रहालयात वीतभरही नसलेला सोन्याचा एक रानबोकड आहे. १९९९ मध्ये तो खणताना सापडला. बाई म्हणाल्या, "याला नीट लक्षात ठेवा. पुढे सांगते."

गाडी दक्षिणेकडे निघाली. वाटेत द्राक्षांचे मळे लागले, पण मांडव कुठेच नाहीत! नाशिककडचे मळे पाहिलेल्या माणसाला हे शेत ओसाडच वाटेल. इथे वारा सोसाट्याचा आणि पाऊस अगदी कमी. म्हणून वेल जमिनीवरच गोल गोल वळवून त्याची टोपली करतात. द्राक्षं त्या टोपलीच्या आत, वाऱ्यापासून लपून वाढतात. दव पडते तेवढ्यावर वेलाची बरीचशी तहान भागते. शेतातली माती म्हणजे चक्क ज्वालामुखीची राख. हीच राख चुन्यात मिसळली की पाण्यातही घट्ट होते. १८६० नंतरच्या वर्षांत सुएझ कालव्याच्या बंधाऱ्यांसाठी ती इथून जहाजं भरभरून नेली. १८६९ मध्ये कालवा खुला झाला आणि मुंबईच्या बोटींचा विलायतेचा रस्ता कितीतरी जवळ आला. आणि ती राख खणताना काय झाले माहीत आहे? खालून जुन्या भिंती डोकावू लागल्या!

अक्रोतिरी गावाजवळचे नीट खोदकाम मात्र १९६७ मध्ये सुरू झाले. स्पिरिडॉन मारिनाटोस नावाच्या पुरातत्त्वज्ञांनी ते केले. आज त्या जागेवर भलेमोठे छप्पर आहे आणि आत सावलीत एक अख्खा मोहल्ला उभा आहे. दोन दोन, तीन तीन मजल्यांची घरं, अरुंद गल्ल्या, एक छोटा चौक. खिडक्यांच्या चौकटी दिसतात. धान्य-तेलाचे रांजण ओळीने मांडून ठेवलेत, आपल्या कोठीच्या खोलीत असत तसे. एका घरात वरच्या मजल्यावर संडास आहे, आणि त्याची मातीची नळी भिंतीतून खाली गल्लीतल्या गटारात सोडलेली! साडेतीन हजार वर्षांपूर्वी! आई म्हणाली, "आमच्या वाड्यात साठ साली नव्हतं हे."

पण भाचीला सारखे काहीतरी खटकत होते. ती इकडेतिकडे शोधत होती. शेवटी तिने विचारले, "माणसं कुठंयत?"

इटलीतल्या पाँपेईचे तुम्ही ऐकले असेल. तिथे राखेत सापडलेल्या माणसांचे ठसे मिळाले. इथे या घरांमध्ये तसा एकही माणूस सापडलेला नाही. दागदागिनेही जवळजवळ नाहीत. तो सोन्याचा बोकड तेवढा एका पेटीत राहून गेला. बाईंनी आम्हाला एक दगडी जिना दाखवला. प्रत्येक पायरी मधोमध तडकलेली. आधी मोठा भूकंप झाला होता. लोक बाहेर पळाले, मग काहीजण परत आले, पडझडीचे दगडधोंडे त्यांनी एका बाजूला रचले, घरं पुन्हा लावायला घेतली. आणि मग जमिनीने पुन्हा काही खूण दिली असणार. हातातले काम तसेच टाकून, मौल्यवान तेवढे बरोबर घेऊन ते निघून गेले. त्यानंतर राख पडली.

एका मोकळ्या जागी पलंग होते. खरं म्हणजे पलंगांचे साचे. लाकूड केव्हाच कुजून गेले, पण राखेत त्याच्या आकाराची पोकळी राहिली. तीत प्लास्टर ओतून संशोधकांनी पलंग परत मिळवले. घरातले पलंग घराबाहेर!

"बाहेर का आणले?" भाचीने विचारले.

बाई कठड्याला टेकल्या. पहिल्यांदाच हसल्या नाहीत. "कारण आत झोपायची भीती वाटते. आम्हीही आणल्या होत्या गाद्या अंगणात. फेब्रुवारीत."

२०२५ च्या जानेवारीच्या अखेरीपासून सँटोरिनी आणि शेजारच्या बेटांच्या मधल्या समुद्रात भूकंप सुरू झाले होते. दिवसाला शेकडो, एकूण हजारो. शाळा बंद झाल्या. अकरा हजारांवर माणसं बोटींनी, विमानांनी बेट सोडून गेली. सर्वांत मोठा धक्का ५.३ रिश्टरचा होता. बाईंची आई १९५६ मध्ये सहा वर्षांची होती. त्या वर्षी ९ जुलैच्या पहाटे मोठा भूकंप झाला, बेटावरची पन्नासहून जास्त माणसं दगावली आणि कितीतरी घरं पडली. म्हातारीने तेव्हाचे पाहिलेले. पहिल्या धक्क्यालाच ती म्हणाली, छपराखाली झोपायचं नाही. थंडीचे दिवस. दोन रात्री सगळे गाडीत झोपले आणि तिसऱ्या दिवशी बोटीत बसले.

"मग तुम्ही बरोबर काय नेलंत?" भाचीने विचारले. आई तिला डोळ्यांनी दटावत होती, पण बाईंना राग आला नाही.

"कागदपत्रं. आईची औषधं. आणि धाकट्याचं कासव. ते घेतल्याशिवाय तो बोटीत चढेना."

"आणि विसरलात काय?"

"फ्रीजमधली मासळी!" बाई पुन्हा हसू लागल्या. "तीन आठवड्यांनी परत आलो, तेव्हा भूकंप परवडला म्हणायची वेळ आली."

शास्त्रज्ञांनी पुढे शोधून काढले, की समुद्राच्या तळाखाली लाव्हारस एका जागेवरून दुसरीकडे सरकला होता. उद्रेक झाला नाही. लोक परत आले, शाळा भरल्या, हॉटेलं उघडली.

लाल किनारा आम्ही लांबूनच पाहिला. दरडी कोसळतात म्हणून जवळ जायलाही नको वाटत होते. त्यापेक्षा जेवण बरे झाले! फावा नावाची पिवळी डाळ शिजवून घोटतात, वर कांदा, ऑलिव्हचे तेल आणि लिंबू. आईने एक घास घेतला आणि म्हणाली, "पिठलंच की!" विदर्भातल्या लाखोळीच्या डाळीची ही चुलतबहीण. अक्रोतिरीच्या रांजणांतही हीच डाळ सापडली आहे. पोळी तेवढी नव्हती.

कड्यावरून नागमोडी वळणं घेत गाडी अथिनिओस बंदरात उतरली. बोट लागायला वीस मिनिटं होती. आईने पिशवीतून शंकरपाळ्यांचा डबा काढून बाईंच्या हातात ठेवला आणि भाचीला म्हणाली, "सांग त्यांना, पोरांसाठी आहे. कासवाला नको म्हणावं, तुपातले आहेत."

बाईंनी एक शंकरपाळा तोंडात टाकला. मग डबा खालीवर करून पाहिला आणि विचारले, "हे किती दिवस टिकतं?"

"महिनाभर सहज," मी म्हणाले.

"मग हे मुलांना दाखवणारच नाही," त्या म्हणाल्या. "दाराजवळच्या पिशवीत ठेवते. ती भरलेलीच असते आमची."