कसाऱ्याच्या पायथ्याशी एक दिवस

मुंबई-नाशिक रस्त्याने जाणाऱ्या बहुतेक वाचकांनी कसारा घाट मोटारीच्या किंवा रेल्वेच्या खिडकीतून पाहिला असेल. आम्ही तो एकदा दिवसभर पायथ्याशी बसून पाहिला. आमची तशी इच्छा नव्हती, ट्रकची होती.

मे 2019 मधली गोष्ट. आमच्या वडील बंधूंचा, म्हणजे दादांचा, वीस वर्षांहून जुना सहाचाकी ट्रक आहे. त्याच्यावर दोन घरांची चूल पेटते. त्या उन्हाळ्यात इंजिन तापू लागले. रेडिएटर गळतही होता. तेव्हा पतपेढीचे कर्ज काढून 18 हजारांचा नवा रेडिएटर बसवला. तो आणायला गेला होता आमचा पुतण्या. आठ दिवसांनी भिवंडीहून सिन्नरचे लोखंडी पाइपांचे भाडे मिळाले. माल दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवायचा होता. दादा चालवायला, पुतण्या मदतीला आणि सुट्टी असल्याने आम्ही सोबतीला, असे तिघे सकाळी सातला निघालो.

शहापूर मागे पडले, आटगाव गेले. खर्डी येईपर्यंत काटा तांबड्या रेषेला टेकला. दादांनी गाडी कडेला घेतली. खाली उतरून ते पुतण्याला एवढेच म्हणाले, "स्वस्तातला माल आणलास आणि वरचे पैसे खिशात घातलेस." पोराने मान खाली घातली. आम्हालाही त्याची बाजू घेणे सुचले नाही. आज लिहिताना त्याची लाज वाटते.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण लगेच उघडायचे नसते. आतले पाणी दाबाखाली असते आणि झाकण फिरताच ते वाफेसकट तोंडावर उडते. त्यात एकदम गार पाणी ओतले तर इंजिनच्या हेडला चीर जाते, मग खर्च रेडिएटरच्या कितीतरी पट. म्हणून तासभर थांबलो. मधल्या वेळात पाणी शोधायला निघालो. आमचा कॅन सकाळीच पिण्यात संपला होता.

रस्त्यापासून थोडे आत एक आदिवासी पाडा होता. एक मावशी डोक्यावर दोन हंडे घेऊन टेकडी चढत होती. आम्ही पाणी मागितले ते पिण्यासाठी नव्हे, यंत्रासाठी, म्हणून शब्द अडखळला. तिने विचारले, "गाडीला किती लागंल?" आणि वरचा हंडा उतरवून आमच्या कॅनमध्ये ओतला. पैसे देऊ केले, तर म्हणाली, "पाण्याचं काय पैसं घ्यायचं?"

मुंबईला पाणी देणारा तानसा तलाव याच शहापूर तालुक्यात, 1892 पासूनचा. भातसा धरणही इथलेच. मध्य वैतरणाचे धरण पुढे झाले. जाड जलवाहिन्या इथून शहराकडे जातात आणि याच तालुक्यातले पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. पाण्याच्या एका हंड्याची किंमत काय असते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. ती बाई कुठून किती चालून आली हे आम्ही विचारले नाही आणि तिने आमची जात विचारली नाही.

त्या पाण्यावर गाडी हळूहळू कसाऱ्याच्या पायथ्याशी एका ढाब्यापर्यंत आली. काटा पुन्हा वर. ढाब्याशेजारी ग्रीसिंग करणारे एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांनी बॉनेट उघडायला लावले. काटा तांबड्यात असताना फडक्याने हात झाकून रेडिएटरची वरची होजपाइप चाचपली, मग फडके काढून पुन्हा हात ठेवला. दादांना म्हणाले, "तुम्हीही बघा." होज जेमतेम कोमट होती!

"इंजिनातलं तापलेलं पाणी रेडिएटरपर्यंत येतच नाही. नवा रेडिएटर गार बसलाय बिचारा. त्याला काम कुठं दिलंय?"

रेडिएटरला पाणी सोडणारी एक झडप इंजिनच्या तोंडाशी असते, तिला थर्मोस्टॅट म्हणतात. इंजिन गार असताना ती मिटलेली राहते, पाणी ठरावीक उष्णतेला आले की उघडते. गाडी गार झाल्यावर मिस्त्रींनी ती काढली. गंजाच्या चिखलाने ती माखली होती. ढाबेवाल्याच्या जुन्या पातेल्यात पाणी ठेवून तिला सुतळीने बांधून आत सोडले. पाणी खळखळ उकळले तरी झडप मिटलेलीच. दादा पातेल्याकडे बघत राहिले, बोलले काहीच नाहीत.

झडप काढून तशीच गाडी हाकावी, असे आम्ही सुचवले. मिस्त्रींनी मान हलवली. काही इंजिनांत तसे केले की पाणी आडवाटेने फिरून पुन्हा इंजिनातच येते आणि घाटात तेच नडते. नवी झडप कल्याणला मिळेल, म्हणाले. कसारा हे लोकलचे शेवटचे स्टेशन. पुतण्या जुनी झडप खिशात घालून दुपारच्या लोकलने गेला.

आम्ही रेल्वेच्या बाजूला सावलीत बसलो. हा लोहमार्ग 1865 मध्ये सुरू झाला. चढण 37 फुटांना एक फूट, म्हणून इगतपुरीपर्यंत बहुतेक गाड्यांना मागून जोडइंजिने लावतात. पुढचे ओढते, मागची रेटतात. दादा बराच वेळ ते पाहत होते. मग म्हणाले, "पोराला उगाच बोललो." आम्ही म्हणालो, "मलाही तेव्हा बोलता आलं असतं."

सहाच्या सुमारास तो आला, घामाने भिजलेला. मिस्त्रींनी नवी झडपही आधी पातेल्यात तपासली. पाणी उकळण्याआधीच ती उघडली. बसवल्यावर ट्रकचे तोंड चढाकडे करून उभा केला, वरची होज सैल केली आणि हळूहळू पाणी भरले. आत धरलेली हवा बुडबुड करीत निघाली. हवा अडकली तर पाणी भरलेले दिसूनही इंजिन तापते. मग इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या तोंडात पाहिले. बुडबुडे थांबले होते, पाण्यावर तेलाचा तवंग नव्हता. गॅस्केट वाचले होते.

शेवटी मिस्त्रींनी विचारले, पंख्याभोवतीचा पत्र्याचा गोल कुठे आहे? रेडिएटर बसवणाऱ्याने तो काढून ठेवला होता, बोल्ट जुळत नाहीत म्हणून. आमच्या पेटीतच पडला होता. घाटात गाडी सावकाश चालते, समोरून वारा मिळत नाही. सगळी मदार पंख्यावर, आणि तो गोल नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूची ओढतो. तारेने तो घट्ट बांधला.

रात्री आठला घाट चढायला घेतला. तिघांचेही डोळे काट्यावर. तो मध्यावर आला आणि तिथेच थांबला. इगतपुरीला चहा घेताना दादांनी पहिला कप पुतण्यापुढे सरकवला. काही बोलले नाहीत. पोराला कळले. घोटीवरून सिन्नरला माल वेळेत पोचला.

परतताना इगतपुरीला दोन कॅन पिण्याच्या पाण्याने भरून घेतले आणि खर्डीच्या पुढे गाडी थांबवून त्या पाड्यावर गेलो. मावशीने आम्हाला ओळखले. कॅन पाहून हसली.

"मी तर एकच हंडा दिलता," म्हणाली.

तेव्हापासून दादांच्या ट्रकमध्ये दोन कॅन असतात. एक गाडीसाठी. दुसरा कोणासाठी, ते रस्त्यावर ठरते.