उगवण

रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात भाताचे २३,००० हून अधिक वाण जपून ठेवलेले आहेत. त्यातला मोठा वाटा भातशास्त्रज्ञ डॉ. रिछारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छत्तीसगडची गावं पालथी घालून जमवलेला. थंड खोलीतलं बी जिवंत आहे की नाही, हे नुसतं बघून कळत नाही. थोडे दाणे काढायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि किती मोड फुटतात ते बघायचं. पेरणीआधी शेतकरीही हेच करतो.

जहाल उपचारांत आईपण हातचं जाऊ नये म्हणून स्त्रीच्या अंडाशयाची जेमतेम मिलिमीटरभर जाडीची चकती द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर ठेवतात, हे वाचलं तेव्हा मला तोच प्रश्न पडला. तिची उगवण कुठे पाहायची?

उंदरात. १९८३ साली फिलाडेल्फियात मेल्विन बॉस्मा यांना असे उंदीर सापडले, ज्यांच्या देहाला आपलं-परकं ओळखताच येत नाही. त्यांच्यात परक्याचं काही रुजवलं, तर ते सहसा झिडकारत नाहीत. ब्रिटनमध्ये रॉजर गॉस्डेन यांनी आधी मेंढीच्या नि मांजरीच्या अंडाशयाचे तुकडे त्यांच्यात लावून पाहिले, मग १९९६ मध्ये गोठवून ठेवलेले माणसाचे. १९९८ मध्ये संप्रेरकाच्या इंजेक्शनांवर एका इवल्याशा प्राण्याच्या पोटात स्त्रीची बीजपुटिका, म्हणजे बीज पोसणारी पिशवी, पाच मिलिमीटरपर्यंत वाढली. त्या बीजाला तिथे मूल व्हायचं नव्हतंच. जिवंत आहे, एवढंच सांगायचं होतं.

या साऱ्यात माझं मन अडकतं ते पहिल्या पाच दिवसांत. लावलेल्या तुकड्याला तेव्हा रक्तवाहिनी नसते. प्राणवायूवाचून तो तसाच पडून असतो आणि साठवलेल्या पुटिकांपैकी कित्येक तिथेच मरतात. गोठवण्यानं मरतात त्याहूनही अधिक. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान उंदराच्या बारीक वाहिन्या माणसाच्या मांसात शिरतात आणि उरलेलं जगू लागतं. एका जिवाचं रक्त दुसऱ्याच्या उद्याला पोसतं, हे मला कुठल्याही कथेहून मोठं वाटतं.

ब्रसेल्सच्या डॉ. डॉनेझ यांच्याकडे १९९७ साली हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रीचे असे तुकडे गोठवले होते. ते तिच्याच देहात परत लावले, आणि २००४ मध्ये तिला मुलगी झाली. पण ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, मुलींचं काय? त्यांच्या अंडाशयात कर्करोगाच्या पेशी दडून बसलेल्या असू शकतात. डॉ. डोलमन्स यांच्या गटानं २०१० मध्ये ल्युकेमियाच्या १८ रुग्णांचे तुकडे उंदरांत लावून सहा महिने वाट पाहिली. त्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली वाईट काही दिसलं नव्हतं. तरी चार उंदरांच्या पोटात ल्युकेमियाच्या गाठी उठल्या. त्या चार जिवांचं मरण मी क्षुल्लक मानायला तयार नाही. त्यांना जे झालं, ते बऱ्या झालेल्या मुलींच्या देहात परत पेरलं गेलं असतं.

आता आमच्या रायपूरकडे येते. मेकाहाराच्या, म्हणजे इथल्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाच्या, आवारात पिवळट डोळ्यांच्या, हाडं ठणकणाऱ्या मुली आईच्या मांडीवर डोकं टेकून बसलेल्या दिसतात. इथे सगळे म्हणतात, ‘नोनीला सिकलिंग आहे.’ नोनी म्हणजे छत्तीसगडीत मुलगी. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार छत्तीसगडच्या गावोगावी आहे, सीमेपलीकडे गोंदिया-गडचिरोलीतही आहे. याला मुळापासून बरं करणारा रूढ उपाय म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. त्याआधी जी जहाल औषधं देतात, ती जुनी मज्जा जाळताना अंडाशयही जाळू शकतात. रक्त सुधारतं आणि वयात येण्याआधीच मुलीचं आईपण हातचं जाऊ शकतं.

मूळची काँगोची एक मुलगी सिकलसेल घेऊन बेल्जियमला गेली होती. चौदावं पुरं होण्याआधी, पाळी सुरू व्हायच्या आत, तिचं एक अंडाशय काढून गोठवलं आणि मगच प्रत्यारोपण केलं. पुढे ते तुकडे तिला परत लावले, आणि २०१४ च्या नोव्हेंबरात, सत्ताविसाव्या वर्षी, तिला मुलगा झाला. उंदरांनी दाखवलेली भीती तिच्या वाटेत नव्हती, कारण सिकलसेल हा कर्करोग नव्हे. तुकड्यासोबत रोग देहात परत येत नाही. ज्या आजारानं माझं गाव पोळलंय, त्यात या वाटेवर तो धोका नाही, हे वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले.

म्हणून प्रत्यारोपणाची गोष्ट निघेल त्याच दिवशी, औषधाचा पहिला थेंब जाण्याआधी, अंडाशयाचीही गोष्ट निघायला हवी. नोनी दहा वर्षांची असली तरी. आईबापाला हे सुचणार नाही, त्यांना ती जगायला हवी असते. विचारायचं ते डॉक्टरांनी. आणि आणखी एक सांगायचं: मज्जा बदलली तरी बीज जुनंच राहतं. तिच्या बाळाकडे सिकलचा निदान एक अंश जाणारच, म्हणून लग्नाआधी तिच्या जोडीदाराचं रक्त तपासून घ्यायचं.